हृदयाचे ठिगळ आणि खाटकाची झिल्ली

टिटवाळ्याहून लोकल पकडून आजारी मूल मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेणारे आईबाप आपल्यातही आहेत. मुलाच्या हृदयात जन्मतः भोक आहे, ते ठिगळ लावून बुजवावे लागेल, असे डॉक्टर सांगतात. हे ठिगळ कधी कृत्रिम कापडाचे, कधी मुलाच्याच हृदयावरणाचे, तर कधी जनावराच्या हृदयावरणाचे असते. हृदयाभोवतीची ही पांढरी पिशवी आमच्या खाटीक बांधवांच्या हातांखालून रोज जाते.

तिच्यावरील प्रक्रिया चामडे कमावणाऱ्यांना परकी वाटू नये. कच्चे कातडे कुजते, कमावलेले टिकते. येथे साल किंवा क्रोमऐवजी ग्लुटराल्डिहाइड वापरतात. फ्रेंच सर्जन आलँ कार्पाँतिए यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस ते जनावरांच्या हृदयझडपांसाठी वापरात आणले. त्याने कोलेजनचे धागे एकमेकांना बांधले जातात, झिल्ली मजबूत होते. दोष असा की, पुढे तिच्यावर कॅल्शियम साचून ती कडक होते. लहान मुलांत हे लवकर घडते. म्हणून आता जनावराच्या पेशी आधी धुऊन काढून फक्त कोलेजनची जाळी ठेवण्याकडे कल आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत या पद्धतीवर काम झाले आहे. बरेलीच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेत म्हशीची झिल्ली जनावरांच्या शस्त्रक्रियेत वापरून पाहिली गेली.

महाराष्ट्रात २०१५ पासून बैल व वळू यांच्या कत्तलीसही बंदी आहे. म्हशी त्या बंदीत नाहीत. तेव्हा आपल्या भागात विचार करायचा तो म्हशीच्या झिल्लीचाच.

मग उद्यापासून झिल्ली गोळा करावी काय? घाई करू नका. खरी किंमत झिल्लीची नसून स्वच्छतेची आणि कागदाची आहे. २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनुसार ठिगळ बनवणाऱ्याला परवाना लागतो. तो मालाबरोबर पशुवैद्यकाचा दाखला मागेल, परवानाधारक कत्तलखाना पाहील, माल थंड कसा ठेवला आणि कोणती झिल्ली कोणत्या जनावराची, हेही विचारील. ही नोंद नसेल तर चांगला मालही फुकट जाईल.

ज्यांच्या घरात शस्त्रक्रिया आहे त्यांनी डॉक्टरांना आधीच विचारावे की, ठिगळ कशाचे? हृदयझडपांत डुकराच्या ऊतीही वापरतात. शंका असल्यास आपल्या आलिमांशीही वेळीच बोलावे.

धंदेवाल्यांना आमचे सांगणे एवढेच: आधी नोंदवही उघडा, गिऱ्हाईक मग शोधा.