कमरेचे कडे मोडते तेव्हा

ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर मोटारसायकल आदळण्याचे प्रकार आपल्या भागाला नवे नाहीत. काही वर्षांपूर्वी अशाच अपघातातील एका तरुणाला माझ्या दवाखान्यात आणले, तेही जीपमध्ये दोघांच्या मध्ये बसवून. बाहेर जखम फारशी नव्हती. "डॉक्टर, मुका मार आहे, एक इंजेक्शन द्या," असे सोबतचे म्हणाले. पण चेहरा पांढराफटक, नाडी भरभर आणि अंग गार घामाने भिजलेले. कमरेचे हाड मोडून रक्त आतल्या आत वाहत होते.

आपण ज्याला कमरेचे हाड म्हणतो ते एकच हाड नव्हे. दोन बाजूंना दोन रुंद हाडे आणि मागे पाठीच्या मणक्यांखाली पाचरीसारखे बसलेले त्रिकास्थी, असे मिळून एक कडे तयार होते. डॉक्टर त्याला पेल्व्हिस म्हणतात. जोराचा मार बसला की हे कडे बहुधा दोन जागी तुटते. मोठ्या माणसाच्या शरीरात सुमारे ५ लिटर रक्त असते. त्यातले २ लिटर किंवा त्याहूनही अधिक या कड्याच्या पोकळीत साठू शकते आणि बाहेर थेंबही दिसत नाही.

म्हणून अशा रुग्णाला उभे करू नये, बसवू नये, पाय ओढून पाहू नये. चोळणे तर नकोच. चादर किंवा धोतराची रुंद घडी करून ती घट्ट गुंडाळावी. पोटावर नव्हे, तर मांडीच्या वरच्या टोकाला बाहेरून हाडाचा उंचवटा हाताला लागतो त्या पातळीवर. गुडघे एकमेकांना बांधावेत, १०८ला फोन करावा आणि आडवे ठेवूनच न्यावे. चहापाणी पाजू नये. पुढे भूल द्यावी लागते.

पूर्वी अशा रुग्णाला पायाला वजने लावून कित्येक आठवडे खाटेवर ठेवत, नाहीतर मोठा छेद घेऊन पट्टी बसवत. छेद मोठा म्हणजे रक्तस्राव आणि जखम चिघळण्याचा धोकाही मोठा. अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथील डॉ. मिल्टन रूट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णाला उताणे ठेवून, लहानशा छिद्रातून मागच्या सांध्यात स्क्रू बसवण्याचे आपले अनुभव १९९५ साली प्रसिद्ध केले. आता आपल्याकडच्या मोठ्या रुग्णालयांतही अशी शस्त्रक्रिया होते.

सी-आर्म नावाच्या क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर निरनिराळ्या कोनांतून पाहत, कुल्ह्याच्या बाजूने एक बारीक तार त्रिकास्थीत नेतात. मग त्या तारेवरून सुमारे ७ मिलिमीटर जाडीचा पोकळ स्क्रू फिरवत आत बसवतात आणि तार काढून घेतात. छेद जेमतेम सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचा! "एवढ्याशा टाक्याला एवढे बिल?" असे नातेवाईक मलाच येऊन विचारतात. अहो, त्या हाडाला लागून पायाच्या नसा जातात. तार काही मिलिमीटर चुकली तरी पाऊल उचलता येईनासे होऊ शकते. पैसे त्या सरावाचे. खर्च झेपत नसेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसते का, हे रुग्णालयात आधी विचारावे.

सगळ्यांनाच हे लागते असे नाही. हाडे फार सरकली असतील आणि बाहेरून जागेवर येत नसतील, तर उघडूनच बसवावी लागतात. उलट न्हाणीघरात घसरलेल्या आजीबाईंचे कडे सहसा पक्के राहते. वेदनाशामक औषध आणि वॉकर यांवर त्या बहुधा बऱ्या होतात.

त्या तरुणाला जिल्ह्याच्या ठिकाणी दोन स्क्रू बसले. दुसऱ्या दिवशी तो कुशीवर वळू लागला, चार दिवसांत उठून बसला. दुखणे थांबले म्हणजे हाड जुळले, असा त्याचा समज झाला आणि तीन आठवड्यांत कुबड्या घरी ठेवून तो माझ्याकडे चालत आला! हाड जुळायला साधारण ६ ते १२ आठवडे लागतात. तोवर त्या पायावर किती भार द्यायचा हे शस्त्रक्रिया करणाऱ्यानेच ठरवायचे. पोटरी सुजली किंवा एकाएकी दम लागला, तर रक्ताची गाठ झाल्याची शंका घेऊन त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मी त्याला रिक्षात बसवून क्ष-किरण काढायला पाठवले. स्क्रू सुदैवाने जागेवर होते. कुबड्या मात्र त्याच्या आईने त्याच संध्याकाळी त्याच्या खाटेला बांधून ठेवल्या.