नाण्याची प्रतवारी : समजुती आणि वस्तुस्थिती

जुन्या नाण्याची व्यावसायिक प्रतवारी करणे म्हणजे ते एखाद्या त्रयस्थ संस्थेकडे पाठवून तेथील तज्ज्ञांकडून त्याचा खरेपणा तपासून घेणे, त्याची झीज व पृष्ठभागाची स्थिती ठरावीक अंकश्रेणीत नोंदवून घेणे आणि लेबल लावलेल्या पारदर्शक, सीलबंद डबीत ते परत मिळवणे. या डबीला संग्राहक ‘स्लॅब’ म्हणतात. अमेरिकेतील पीसीजीएस या संस्थेने १९८६ मध्ये आणि एनजीसीने १९८७ मध्ये हे काम सुरू केले, आणि आता भारतीय नाण्यांच्या लिलावांतही त्यांचे स्लॅब नेहमी दिसतात. त्यातूनच वाडवडिलांच्या पेटीत सापडलेला प्रत्येक चांदीचा रुपया प्रतवारीला पाठवावा, म्हणजे त्याची खरी किंमत कळेल व ती वाढेलही, अशी समजूत रुजली आहे. राणीछाप आणि राजाछाप रुपयांची उदाहरणे घेऊन पाहिले, तर ही समजूत कोठे कोठे फसते ते स्पष्ट होते.

पहिला घोटाळा प्रत आणि किंमत एकच मानण्यात आहे, आणि गंमत अशी की त्याला ऐतिहासिक कारणही आहे. आज सर्वत्र वापरली जाणारी १ ते ७० ही श्रेणी विल्यम शेल्डन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये अमेरिकेच्या सुरुवातीच्या तांब्याच्या सेंट नाण्यांसाठी मांडली, तेव्हा ती किमतीचेच गणित होती : जेमतेम ओळखू येणाऱ्या नाण्याची किंमत एक धरली, तर निर्दोष नाण्याची किंमत त्याच्या सत्तरपट असावी, असा त्याचा हिशेब होता. बाजाराने हे गुणोत्तर लवकरच मोडीत काढले, पण आकडे राहिले. त्यामुळे आजच्या श्रेणीत ६० ते ७० हे आकडे चलनात कधीच न फिरलेल्या नाण्यांसाठी, ५० ते ५८ हे किंचित झिजलेल्यांसाठी आणि त्याखालचे आकडे उत्तरोत्तर अधिक झिजलेल्यांसाठी वापरले जातात. परंतु ५८ ची प्रत मिळालेला देखणा रुपया, टांकसाळीच्या पोत्यात इतर नाण्यांवर आपटून ओरखडलेल्या ६० च्या रुपयापेक्षा अनेकदा अधिक पैसे मिळवतो. शिवाय प्रत हे माणसांनी नजरेने ठरवलेले मत असते, त्यामुळे तेच नाणे पुन्हा पाठवल्यास एखादा अंक इकडेतिकडे होऊ शकतो.

तेव्हा प्रतवारी करणारी संस्था किंमत विकत नाही. ती एक शंका दूर करण्याचे शुल्क घेते. ही शंका दोन प्रकारची असते, नाणे खरे आहे की खोटे ही एक, आणि ते कोणत्या पायरीवर बसते ही दुसरी. ज्या नाण्याबाबत अशी शंका कोणालाच नाही, किंवा असली तरी तिच्यामुळे सौद्यात फारसा फरक पडत नाही, तेथे शुल्क देऊन हाती काहीच लागत नाही. सहाव्या जॉर्जचे १९४० ते १९४५ या काळातील रुपये हे याचे साधे उदाहरण आहे. युद्धकाळात चांदीचे प्रमाण निम्म्यावर आणल्यामुळे ११.६६ ग्रॅम वजनाच्या या नाण्यात केवळ ५.८३ ग्रॅम शुद्ध चांदी असते, नाणी विपुल आहेत, आणि चलनातून आलेल्या नगाची किंमत चांदीच्या भावाच्या आसपासच घुटमळते. समजा, अशा एखाद्या नाण्याला साधारण स्थितीत दोन हजार आणि उत्तम स्थितीत अडीच हजार रुपये मिळतात, आणि शुल्क, कर व दोन्ही वेळचा विमा उतरवलेला टपालखर्च मिळून चार हजार होतात; तर प्रत कितीही चांगली लागली तरी मालक तोट्यातच राहतो. याउलट १९३९ सालचा रुपया हे जुन्या, ९१.७ टक्के चांदीच्या प्रमाणाचे शेवटचे आणि खरोखर दुर्मिळ नाणे आहे, तर १९३८ चा रुपया सहज मिळतो. या दोन नाण्यांच्या किमतींत मोठी तफावत असल्याने शेवटचा अंक कोरून बदलण्याचा मोह उघड आहे, आणि ग्राहकालाही नेमकी हीच भीती असते. येथे सीलबंद डबीचे मोल कळते.

साल जुने म्हणजे नाणे मौल्यवान, ही समजूतही अशीच तपासावी लागते. व्हिक्टोरिया राणीच्या रुपयांवर १८६२ हे एकच साल पुढची सुमारे दहा वर्षे कायम ठेवले होते, म्हणून ‘दीडशे वर्षांपूर्वीचे’ हे वर्णन असंख्य नाण्यांना लागू पडते. जाणकार ग्राहक साल न पाहता राणीच्या प्रतिमेतील बारकावे, मागच्या बाजूची नक्षी आणि टिंबांची संख्या व जागा पाहतो. १९११ च्या रुपयाची कथा तर सर्वांना ठाऊक असते : पंचम जॉर्जच्या वस्त्रावरील हत्तीची सोंड आखूड निघाल्यामुळे तो डुकरासारखा दिसतो असा गदारोळ झाला, नाणी मागे घेऊन बहुतेक वितळवण्यात आली आणि १९१२ पासून हत्ती दुरुस्त झाला. कथा रंजक आहे. पण कथेमुळे हे नाणे जेवढे दुर्मिळ वाटते तेवढे ते नाही, आणि व्यापाऱ्यांकडे ते नेहमी दिसते. झिजलेल्या १९११ ला कथेसाठी कोणी जादा पैसे दिले तर त्याने ते कथेसाठीच दिले असे समजावे.

महाराष्ट्रातील घरांतून आलेल्या नाण्यांबाबत सर्वांत महाग पडणारा गैरसमज स्वच्छतेचा आहे. लक्ष्मीपूजनाला रुपये चिंच, लिंबू, राख किंवा पितांबरीने घासून लखलखीत करण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, आणि पूजेच्या दृष्टीने त्यात गैर काहीच नाही. संग्राहक ज्याला टांकसाळी झळाळी म्हणतात, ती मात्र धातूवर ठसा जोराने दाबला जाताना तयार झालेल्या अतिसूक्ष्म रेषांवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशामुळे दिसते. नाणे फिरवले की ही चमक चक्राच्या आऱ्यांप्रमाणे फिरते. घासण्याने या रेषा नाहीशा होतात आणि त्यांच्या जागी एकाच दिशेचे बारीक ओरखडे व सपाट, मृत चकाकी उरते, जी भिंग हातात घेतलेल्या तज्ज्ञाच्या नजरेतून सुटत नाही. अशा नाण्याला अंक मिळत नाही. लेबलावर ‘डिटेल्स’ हा शेरा आणि दोषाचे नाव येते, म्हणजे झीज अमुक इतकीच आहे, पण पृष्ठभाग बिघडलेला आहे. हाच शेरा माळेत ओवण्यासाठी कडी डाखलेल्या आणि पुढे ती काढून टाकलेल्या रुपयांना, तसेच सराफांनी चांदी तपासण्यासाठी मारलेल्या ठशांच्या रुपयांनाही मिळतो. याउलट अनेक वर्षे कागदात गुंडाळून ठेवल्याने काळसर, निळसर किंवा सोनेरी थर चढलेला रुपया घरच्यांना मळका वाटतो, पण हा थर नैसर्गिक असेल तर संग्राहक त्यासाठी अधिक पैसे मोजतात. पाठवण्यापूर्वी नाणे ‘जरा पुसून घेणे’ म्हणजे शुल्क भरून स्वतःचे नुकसान करून घेणे होय.

संस्था आपण तपासलेल्या नाण्यांची जी संख्यानोंद प्रसिद्ध करतात, तिचाही अर्थ सरसकट चुकीचा लावला जातो. एखाद्या प्रकारात केवळ तीन नाणी नोंदली असतील, तर जगात तीनच आहेत असे ठरत नाही. बहुधा एवढेच ठरते की ती पाठवण्याचा खर्च आजवर तिघांनाच परवडण्यासारखा वाटला. दुसऱ्या टोकाला, अधिक चांगल्या अंकाच्या आशेने डबी फोडून तेच नाणे पुन्हा पाठवले जाते, तेव्हा एक नाणे दोनदा मोजले जाण्याची शक्यता असते.

शिवराईसारख्या हाताने पाडलेल्या तांब्याच्या नाण्यांना यंत्रावरच्या नाण्यांचे मोजमाप पुरेसे पडत नाही. ठसा चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे ‘श्री राजा शिव’ व ‘छत्रपति’ ही पूर्ण अक्षरे एकाच नाण्यावर क्वचितच उतरतात, आणि अजिबात न झिजलेली पण अक्षरे तुटलेली शिवराई थोडी झिजलेल्या, पण अक्षरे पूर्ण असलेल्या शिवराईपुढे फिकी पडते. शिवकालीन सोन्याचा होन हे अर्थात निराळे प्रकरण आहे. तेथे पहिला आणि शेवटचा प्रश्न खरेपणाचाच असतो. ईस्ट इंडिया कंपनीचे म्हणून विकले जाणारे हनुमान किंवा रामदरबाराचे ‘१८१८ सालचे’ तुकडे मात्र कोठेही पाठवण्याची गरज नाही, कारण कंपनीने अशी नाणी कधी पाडलीच नाहीत. जुनी नाणी लाखोंना विकून देतो असे सांगून आधी शुल्क मागणाऱ्यांपासून सावध राहण्याची सूचना रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिली होती.

कायद्याचा मुद्दा बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार किमान शंभर वर्षे जुने नाणे हे पुरावशेष ठरते, आणि केंद्र सरकार किंवा त्याने प्राधिकृत केलेली यंत्रणा यांच्याखेरीज कोणालाही ते देशाबाहेर पाठवता येत नाही. या तरतुदीच्या भंगासाठी सहा महिने ते तीन वर्षे कारावास व दंड आहे. प्रतवारीसाठी पाठवायचे आणि परत आणायचे, हा हेतू त्यातून सूट देत नाही. म्हणजे १८६२ चा किंवा १९११ चा रुपया भारतातील मालकाला अमेरिकेतील संस्थेकडे रवाना करता येत नाही, तर १९३९ चा रुपया अद्याप या व्याख्येत येत नसल्याने सीमाशुल्काची कागदपत्रे नीट करून पाठवता येतो. शंभरी ओलांडलेल्या नाण्यांसाठी देशातच तपासणीचा मार्ग शोधावा लागतो : अचूक काट्यावर वजन, व्यासाचे मोजमाप, छापील सूचीतील छायाचित्रांशी ताडून पाहणे, आणि पुण्यामुंबईत भरणाऱ्या नाणेप्रदर्शनांत एकाहून अधिक जाणकार व्यापाऱ्यांना ते नाणे दाखवणे. तेथे ‘हे विकायचे आहे’ असे सांगितल्यावर मिळणारा भाव आणि ‘असे एक घ्यायचे आहे’ असे सांगितल्यावर ऐकू येणारा भाव, हे दोन्ही लिहून ठेवावेत.