हीम निर्विषीकरण, रक्तशोषक कृमींतील

रक्तावर जगणाऱ्या परजीवी (दुसऱ्या जीवावर उपजीविका करणाऱ्या) कृमींच्या आतड्यात हीमोग्लोबिनाचे पचन होताना सुटणारे हीम हे विषारी द्रव्य निरुपद्रवी करण्याच्या प्रक्रियांना ही संज्ञा देतात. मानवाच्या लहान आतड्यातील अंकुशकृमी, रक्तवाहिन्यांत राहणारे शिस्टोसोमा वंशातील पर्णकृमी आणि मेंढ्या-शेळ्यांच्या जठरातील हीमाँकस काँटॉर्टस हा गोलकृमी ही अशा कृमींची प्रमुख उदाहरणे होत.

रक्ताचे पचन : अँकिलोस्टोमा ड्युओडिनेल या जातीच्या एका अंकुशकृमीमुळे दिवसाला सु. ०·१५ ते ०·२५ मिलि., तर नेकेटर अमेरिकॅनस या जातीच्या कृमीमुळे सु. ०·०३ मिलि. रक्त वाया जाते. कृमीच्या आतड्यात तांबड्या कोशिका फुटून हीमोग्लोबिन बाहेर पडते. त्यावर प्रथिनपाचक एंझाइमे (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणण्यास मदत करणारी प्रथिने) क्रमाक्रमाने कार्य करतात व ग्लोबिन या प्रथिन भागापासून ॲमिनो अम्ले मिळतात. मात्र हीमोग्लोबिनाच्या प्रत्येक रेणूतील हीमाचे ४ गट शिल्लक राहतात. प्रत्येक गटाच्या मध्यभागी लोहाचा एक अणू असतो.

विषाक्तता : मुक्त हीम मेदात सहज मिसळत असल्याने कोशिकांच्या पटलांत शिरते. त्यातील लोहामुळे ऑक्सिजनाची अतिविक्रियाशील रूपे निर्माण होऊन मेद, प्रथिने व न्यूक्लिइक अम्ले यांना इजा पोहोचते. तथापि गोलकृमींना स्वतः हीम तयार करता येत नाही. त्यामुळे आवश्यक तेवढे हीम राखून उरलेल्याचा बंदोबस्त करणे त्यांना भाग पडते.

निवारणाचे मार्ग : मानवी शरीरात हीम ऑक्सिजनेज हे एंझाइम हीमाचे वलय फोडते. रक्तशोषक कृमींत मात्र हीम बंदिस्त करणे किंवा बांधून ठेवणे यांवर भर असतो. शिस्टोसोमाच्या आतड्यात मेदबिंदूंच्या पृष्ठभागी हीमाचे रेणू जोडले जाऊन हीमोझॉइन हे अविद्राव्य (न विरघळणारे), गडद रंगाचे स्फटिकी द्रव्य बनते. हिवतापाचे परजीवीही असेच रंगद्रव्य बनवितात [⟶ हिवताप]. शिस्टोसोमाला गुदद्वार नसल्याने हे द्रव्य तोंडावाटे बाहेर टाकले जाते व रुग्णाच्या यकृतात आणि प्लीहेत साचते. अंकुशकृमींत ग्लुटाथायोन एस-ट्रान्सफरेज गटातील काही प्रथिने हीम बांधून घेतात.

वैद्यकीय महत्त्व : सततच्या रक्तस्रावाने रुग्णाच्या शरीरातील लोह घटून पांडुरोग (रक्तक्षय) होतो, मुले व गर्भवती स्त्रिया यांना तो विशेष बाधतो. ॲल्बेंडाझोलासारख्या औषधाने अंकुशकृमी पडून जातात, परंतु दूषित मातीतून पुन्हा संसर्ग होतो. म्हणून कृमीची पचनव्यवस्थाच निकामी करणाऱ्या लसींचे संशोधन चालू आहे. हीमाँकसाच्या आतड्यातील प्रथिनांपासून बनविलेली मेंढ्यांसाठीची लस ऑस्ट्रेलियात २०१४ मध्ये वापरात आली. नेकेटरमधील हीम बांधणारे वरील प्रथिन आणि हीमोग्लोबिन फोडणारे एक एंझाइम यांवर आधारित लसींच्या मानवी चाचण्याही घेण्यात आल्या आहेत [⟶ अंकुशकृमी].