बाळाला खाली खेळू द्या

आईला एचआयव्ही आहे म्हणून बाळालाही होतोच असं नाही. गरोदरपणापासून आईने एचआयव्हीच्या गोळ्या न चुकवता घेतल्या आणि जन्मल्याबरोबर बाळालाही औषध मिळालं, तर धोका ५ टक्क्यांच्या खाली येतो. नागपुरात मेडिकल आणि मेयो रुग्णालयांतल्या एआरटी (एचआयव्ही उपचार) केंद्रांत या गोळ्या मोफत मिळतात.

मात्र लागण न झालेल्या अशा काही बाळांचंही बसणं-चालणं लांबतं. घराचा त्यात मोठा वाटा असतो. आई थकलेली, पैशांची ओढाताण, त्यात लोकांना कळेल ही धास्ती; मग बाळ दिवसभर पाळण्यातच राहतं. जागं असताना त्याला चटईवर पालथं घाला, खुळखुळा हाताच्या जरा पुढे ठेवा, जवळ बसून बोलत राहा. चार महिने उलटूनही मान धरली नाही, नऊ महिन्यांत आधाराविना बसलं नाही किंवा दीड वर्षात चाललं नाही, तर डॉक्टरांना लगेच दाखवा.