सांडपाण्याचं केंद्र कुठं आणि कसं, हे आपणही ठरवायचं



भांडी घासली, कपडे धुतले, न्हाणीत बादल्या रिकाम्या झाल्या, की ते पाणी मोरीतून गटारीत जातं आणि आपल्या मनातूनही जातं. पण ते कुठं तरी पोचतंच. शहाद्याजवळून गोमाई वाहते आणि पुढे प्रकाशाला तापीला मिळते. नवापूरला रंगावली आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे नोंदवले. त्यातले ५३ आपल्या महाराष्ट्रातले, आणि त्या यादीत तापीबरोबर गोमाईचं आणि रंगावलीचंही नाव होतं. ज्या तापीत आपण पर्वणीला स्नान करतो, तिच्याबद्दल हे बोलणं चाललंय.

थोडा हिशोब करू. सरकारी आराखड्यात शहरातल्या माणसामागे रोज १३५ लिटर पाणी धरतात आणि त्यातलं ८० टक्के सांडपाणी होतं असं मानतात. २०११ च्या जनगणनेत नंदुरबार शहराची लोकसंख्या १ लाख ११ हजार होती. या हिशोबाने एवढ्या वस्तीचं सांडपाणी रोज सुमारे १ कोटी २० लाख लिटर होतं. दहा हजार लिटरचे बाराशे टँकर, दररोज. तेव्हा सांडपाणी शुद्ध करणारं केंद्र हवं की नको, हा वादच नाही. ते हवंच. विचारायचं ते हे, की ते कुठं होणार, किती मोठं होणार, त्यातून बाहेर पडणारं पाणी कसं असणार आणि ते पाच वर्षांनी चालू असणार की बंद.

आपल्याकडे अनेक जणी म्हणतात, "नगरपालिका ठरवेल, आपल्याला कोण विचारतंय?" खरं सांगायचं तर एका बाबतीत त्यांचं बरोबर आहे. मोठ्या कारखान्यांना, खाणींना २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणी घ्यावी लागते आणि तिची सूचना निदान ३० दिवस आधी द्यावी लागते. शहराच्या घरगुती सांडपाण्याचं केंद्र त्या यादीत स्वतंत्रपणे येत नाही. म्हणून अशा केंद्रासाठी मांडव घालून, माईक लावून कुणी आपल्याला बोलवेल, अशी वाट बघत बसू नका. आपल्याला आपली दारं स्वतः ठोठवावी लागतात. अशी चार दारं आम्ही सांगतो.

पहिलं दार : जागा

केंद्राची जागा बहुतेक वेळा शहराच्या विकास आराखड्यात आरक्षित केलेली असते. १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला, की ३० दिवसांत कुणीही नागरिक लेखी हरकत किंवा सूचना देऊ शकते. नंतर आरक्षण बदलायचं असेल तरी जाहीर सूचना काढून हरकती मागवाव्या लागतात, आणि हरकत देणाऱ्यांचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. सूचना वर्तमानपत्रात बारीक अक्षरात येते. बचत गटातल्या एकीने तरी जाहीर सूचनांच्या पानावर नजर ठेवावी.

जागा गावाची असेल तर ग्रामसभा आली. आपल्या जिल्ह्यातले नवापूर, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे तालुके, तसंच नंदुरबार आणि शहादा तालुक्यांतली बरीच गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत. तिथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे आणि भूसंपादनाआधी ग्रामसभेशी विचारविनिमय करावा लागतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात तर अनुसूचित क्षेत्रातल्या जमिनीसाठी ग्रामसभेच्या किंवा पंचायतीच्या पूर्वसंमतीची तरतूद आहे. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, हेही लक्षात असू द्या. तिथे विषय मांडा आणि ठरावात लिहून घ्या. कागद मराठीत असला तरी सभेत तो पावरीत, मावचीत, भिलोरीत समजावून सांगा असं म्हणायला लाजू नका. न समजता दिलेला अंगठा पुढे आपल्यालाच जड जातो.

दुसरं दार : नगरपरिषदेची सभा

केंद्राला पैसा येतो तो अमृत किंवा स्वच्छ भारत अशा योजनांतून. स्वच्छ भारत अभियानाचा दुसरा टप्पा २०२१ साली सुरू झाला आणि त्यात एक लाखाखालच्या शहरांचं सांडपाणीही घेतलं. पण प्रस्ताव नगरपरिषदेच्या ठरावानेच पुढे जातो. म्हणून ठराव होण्याआधी आपल्या प्रभागाच्या नगरसेविकेला भेटा. एकटीने जाऊ नका, दहा जणी जा. पाच प्रश्न लिहून न्या :

केंद्र किती लिटरचं आहे आणि पुढच्या वीस-तीस वर्षांची लोकसंख्या धरली आहे का? कुठल्या वस्त्यांच्या गटारी जोडणार आणि कुठल्या राहणार? विजेचं बिल आणि कामगारांचे पगार दरवर्षी कुठून देणार? उरलेला गाळ कुठं टाकणार? गटारी साफ करायला माणूस उतरवणार की यंत्र?

तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. केंद्र बांधायला अनुदान मिळतं, पण टाकीत हवा सोडणारी यंत्रं रात्रंदिवस विजेवर चालतात. बिल थकलं की यंत्र थांबतं, आणि घाण पाणी जसंच्या तसं नदीत जातं. बाहेरून बघणाऱ्याला मात्र केंद्र उभं दिसतं.

तिसरं दार : प्रदूषण मंडळाची संमती

१९७४ च्या जल प्रदूषण कायद्याप्रमाणे नगरपरिषदेलाही महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घ्यावी लागते. बांधण्याआधी एक आणि चालवण्याआधी दुसरी. आपला जिल्हा मंडळाच्या नाशिक प्रादेशिक कार्यालयाखाली येतो. अर्ज आल्यावर चार महिन्यांत मंडळाने होय-नाही काहीच केलं नाही, तर संमती मिळाली असं मानण्याची तरतूद या कायद्यात आहे. म्हणजे उशिरा लिहिलेल्या पत्राचा उपयोग कमी. केंद्राची चर्चा कानावर आली, की लगेच प्रादेशिक अधिकाऱ्यांना पत्र लिहा. पत्रात भावना कमी आणि माहिती जास्त असू द्या : विहीर किती पावलांवर आहे, शाळा किंवा अंगणवाडी कुठे आहे, पावसाळ्यात पुराचं पाणी कुठवर येतं, खालच्या बाजूला कोण कपडे धुतं, कुणाची गुरं पाणी पितात. ही माहिती कार्यालयातल्या नकाशावर नसते, ती आपल्याकडे असते. पत्राची एक प्रत ठेवा आणि तिच्यावर पोच घ्या.

संमतीत मंडळ अटी घालतं आणि त्यांची नोंदवही ठेवतं. ज्यांचा त्या सांडपाण्याशी संबंध येतो किंवा ज्यांना त्याची झळ बसते, त्यांना ती कामाच्या वेळेत बघता येते. हा हक्क कायद्याच्या २५ व्या कलमात लिहिलेला आहे.

अटींमध्ये एक शब्द सापडेल, बीओडी. पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाते, त्याचं हे माप. आकडा जितका मोठा तितकं पाणी वाईट. अंघोळीच्या नदीत तो लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आत हवा. केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यासाठी २०१७ च्या अधिसूचनेत महानगरं सोडून इतर ठिकाणी ३० ची मर्यादा आहे, तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने एप्रिल २०१९ मध्ये १० ची कडक मर्यादा सांगितली. आपल्या केंद्राच्या संमतीपत्रात यातला कोणता आकडा आहे, तो वाचा आणि वहीत लिहून ठेवा.

चौथं दार : माहितीचा अधिकार

केंद्र चालू झालं की काम संपलं असं नाही. साध्या कागदावर अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि दारिद्र्यरेषेखालच्या बहिणींना तोही नको. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, म्हणून थोडक्यात लिहा : "केंद्राच्या संमतीपत्राची प्रत, मागील बारा महिन्यांचे पाणी तपासणीचे अहवाल आणि वीजबिलं द्यावीत." ३० दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं तर त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे पहिलं अपील. तपासणीचे अहवाल चांगले आणि वीजबिल जवळपास शून्य असेल, तर काय समजायचं ते तुम्हाला सांगायला नको.

एवढं करूनही कुणी ऐकलं नाही, तर हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे. तिथे साधारण सहा महिन्यांच्या आत जावं लागतं, म्हणून तारखा आणि पोचपावत्या जपून ठेवा. पण ते शेवटचं दार. तिथवर जाण्याची वेळ बहुधा पहिल्या तीन दारांशी गप्प राहिल्यानेच येते.

एक गोष्ट मात्र सांभाळू या. "आमच्याकडे नको, पलीकडे न्या" एवढंच म्हटलं, तर केंद्र बहुतेक वेळा ज्यांचा आवाज सगळ्यांत लहान त्यांच्या वस्तीजवळ जातं. ती वस्ती पारध्यांची असेल, भिल्लांची असेल, नाहीतर सफाई कामगारांची. आपली मागणी आपल्या दारापुरती नसावी. झाकलेली टाकी, भोवती झाडं, चालू यंत्रं आणि दारावर दर महिन्याच्या तपासणीचा फलक, ही मागणी कुठल्याही वस्तीसाठी सारखीच.

पुढच्या बचत गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब झाला की दहा मिनिटं या विषयाला द्या. आपल्या गटारीचं पाणी नेमकं कुठे जातं, हे आधी चालत जाऊन बघून या. पहिला अर्ज त्यावरूनच लिहिता येईल.