प्रिंट निघत नाही? आधी रांग बघा

आज आपण लिनक्सवर टर्मिनलमधून प्रिंट कशी काढायची ते पाहू.

आधी माझी फजिती सांगतो. हैदराबादला असताना मुलीच्या प्रवेशाचा अर्ज शेवटच्या दिवशी छापायचा होता. प्रिंटचं बटण दाबलं, काहीच हललं नाही. मी चार वेळा दाबलं. मग दिसलं की अर्जात जन्मतारीख चुकली आहे. ती दुरुस्त करून पाचव्यांदा पाठवलं. शेवटी कळलं, प्रिंटरची वायर सैल होती. ती खोचली आणि आधी चारही चुकीच्या प्रती बाहेर आल्या. बरोबर अर्जाची पाळी आली तेव्हा कागद संपले होते! झेरॉक्सच्या दुकानाकडे पळालो, म्हणून निभावलं.

असं का झालं? लिनक्सवर छपाईचं काम बहुधा 'कप्स' ही प्रणाली बघते. ती 1999 साली आली. आपण पाठवलेली फाइल ती रांगेत उभी करते. प्रिंटर गप्प असला तरी रांग वाढतच असते.

आता कमांड. त्या इंग्रजी लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या. 'एलपी' लिहा, जागा सोडा, फाइलचं नाव लिहा, एंटर दाबा. कामाचा नंबर लगेच समोर येतो. दोन प्रती हव्यात? फाइलच्या नावाआधी 'डॅश एन 2' जोडा. फक्त पहिली चार पानं हवीत? 'डॅश पी 1-4' जोडा. इथला पी मात्र कॅपिटल. वर्ड किंवा रायटरची फाइल असेल तर आधी तिची पीडीएफ करा.

प्रिंट निघाली नाही, तर पुन्हा पाठवू नका. 'एलपीस्टॅट डॅश ओ' टाइप करा, रांगेतली कामं दिसतील. नको असलेलं काम 'कॅन्सल' आणि त्याचा नंबर लिहून काढून टाका. मग 'एलपीस्टॅट डॅश पी' करा. प्रिंटर बंद केलेला दिसला, तर वायर आणि कागद तपासा आणि 'कप्सइनेबल' पुढे प्रिंटरचं नाव लिहून तो चालू करा. परवानगी नाकारली, तर सुरुवातीला 'सुडो' लावा.

त्या दिवशी मला यातली पहिलीच कमांड माहीत असती, तरी धावपळ वाचली असती. आजच एक पान छापून बघा. भेटू पुढच्या भागात.