मॅलेट घराण्याचे कागद : वारसांची बाजू आणि खर्चाची बाजू

माथेरान शोधणारा ह्यू मॅलेट आणि महाबळेश्वरच्या ‘आर्थर सीट’चा आर्थर मॅलेट हे सख्खे भाऊ होते, हे आपल्याकडे फारसं कुणाच्या ध्यानात नसतं. त्यांचा बाप चार्ल्स वॉर मॅलेट १७८६ ते १७९७ पुण्यात पेशव्यांच्या दरबारी कंपनीचा रेसिडेंट होता. जंजिऱ्याजवळच्या दिघीकरांनाही हा माणूस अगदीच परका नाही. १७९१ मध्ये पेशव्यांनी जंजिऱ्याच्या गादीचा दावेदार बाळू मियाँ याला सुरतेजवळचं सचीन दिलं आणि त्याचा जंजिऱ्यावरचा हक्क स्वतःकडे घेतला, तेव्हा पुण्याच्या संगमावरच्या रेसिडेन्सीत चार्ल्स मॅलेटच होता. जंजिरा काही पेशव्यांच्या हाती लागला नाही. खाडीअलीकडची दिघी १९४८ पर्यंत जंजिऱ्याच्या सिद्दीच्याच संस्थानात राहिली.

मॅलेटसारख्या घराण्याचा माग काढायला मृत्युपत्रासारखा कागद नाही. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईबापांची नावं मिळतात. मृत्युपत्रात भाऊबंद, कर्ज, घर, नोकर आणि नाराजीही सापडते. मुंबईत १७२६ च्या सनदेने मेयर्स कोर्ट आलं आणि मृत्युपत्रं सिद्ध करून प्रोबेट देण्याचं काम त्याच्याकडे गेलं. पुढे ते १७९८ मध्ये रेकॉर्डर्स कोर्टाकडे, १८२४ मध्ये सुप्रीम कोर्टाकडे आणि १८६२ पासून हायकोर्टाकडे आलं. या कागदांच्या नकला लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. सोबत मयताच्या सामानाच्या याद्या आणि लिलावाचे हिशेब असतात. खाट, आरसा, मद्याच्या बाटल्या, घोडा, कुणी काय घेतलं आणि कितीला, असा सगळा संसार तिथे मांडलेला दिसतो.

मायदेशी परतून मेलेल्यांचे कागद वेगळ्या जागी शोधायचे. चार्ल्स १८१५ मध्ये वारला. त्या काळच्या बड्या मालमत्तांसाठी कँटरबरीच्या धर्मपीठाच्या कोर्टाची दप्तरं पाहायची. ती लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. जानेवारी १८५८ पासून हे काम सरकारी कोर्टाकडे गेलं आणि दरवर्षी छापील सूची निघू लागली. तिच्यात नाव, पत्ता, मरणाची तारीख, व्यवस्थापक आणि मालमत्तेची किंमत असते. १८८८ मध्ये वारलेल्या आर्थरसाठी ही सूची पाहायची.

एवढं सरळ वाटतं, पण खरी मेख पुण्यातच आहे. चार्ल्सबरोबर तिथे अंबर कौर राहत होती. तिच्यापासून त्याला तीन मुलं झाली. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्सने १७९२ मध्ये तिचं चित्र काढलं. वेल्स १७९५ मध्ये वारला. चार्ल्स मायदेशी परतला आणि १७९९ मध्ये त्याने याच वेल्सच्या मुलीशी, सुझानाशी, लग्न केलं. त्यांना आठ मुलगे झाले. बापाचा बॅरोनेटचा किताब थोरल्या अलेक्झांडरकडे गेला. आर्थर आणि ह्यू मुंबई इलाख्यात मुलकी नोकरीत आले. लष्करात गेलेला जॉर्ज १८५६ च्या इराण मोहिमेत मारला गेला. सरदार घराण्यांच्या छापील वंशावळींत हे आठ जण ओळीने भेटतात.

अंबर कौरची मुलं अशी ओळीने भेटायची नाहीत, आणि त्याला कारण कायदा आहे. इंग्रजी कायद्यात मृत्युपत्रात नुसतं ‘माझी मुलं’ असं लिहिलं तर लग्नाच्या बायकोची मुलं एवढाच अर्थ निघे. बाकीच्यांना काही द्यायचं तर एकेकाचं नाव घालावं लागे. त्यामुळे मजकूर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावा लागतो. वार्षिक रक्कम, भेट, विश्वस्तांकडे ठेवलेला निधी अशा कलमांत ही नावं दडलेली असतात. बंगालमधल्या १७८० ते १७८५ च्या मृत्युपत्रांपैकी सुमारे एक तृतीयांशांत हिंदी जोडीदारणीसाठी, म्हणजे ‘बीबी’साठी, तरतूद आहे, असं विल्यम डालरिंपल यांनी ‘व्हाइट मुघल्स’मध्ये दाखवलं आहे. गोव्यात चित्र निराळं. तिथल्या पोर्तुगीज कायद्याने मालमत्तेच्या ठरावीक हिश्श्यावर वारसांचा हक्क राखलेला, आणि वाटणीसाठी कोर्टात सगळ्या मालाची यादी होई. तिथे घराणं शोधणारा आधी ती यादी काढतो, मृत्युपत्र नंतर.

आता दिघीहून दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर करत बागमांडल्याला यावं आणि फेरीबोटीने सावित्री ओलांडून बाणकोटला. इथे आर्थरच्या बायकोची कबर आहे. मुंबईहून महाबळेश्वरला निघालेले लोक तेव्हा गलबताने हाच किनारा धरून बाणकोटपर्यंत येत आणि नदीतून वर महाडकडे जात. ६ डिसेंबर १८५३ च्या रात्री बाणकोटच्या मुखाशी गलबत बुडालं. पंचवीस वर्षांची मारिया सोफिया आणि एलेन हॅरिएट ही बत्तीस दिवसांची मुलगी गेली. कबरीवरच्या लेखात त्यांची नावं आणि वयं आहेत. त्यांच्याबरोबर तेरा खलाशी बुडाले. त्यांचा फक्त आकडा आहे.

मारिया सोफियाचं मृत्युपत्र शोधण्यात फारसा अर्थ नाही. १८८२ च्या कायद्यापूर्वी इंग्लंडात लग्न झालेल्या बाईची जंगम मालमत्ता नवऱ्याचीच धरली जाई आणि त्याच्या संमतीवाचून ती मृत्युपत्र करू शकत नसे. म्हणजे नाव कोरलेली बाईही या दप्तरांत जवळपास त्या तेरा जणांइतकीच मुकी. फरक इतकाच, की तिचा नवरा मुंबई सरकारचा अधिकारी होता आणि दगड बसवायची त्याची ऐपत होती.

या कागदांचा उपयोग याच जाणिवेने करायला हवा. मालमत्ता असलेला माणूस त्यांत मालक म्हणून येतो. बाकीचे आले तर हिशेबातली कलमं म्हणून येतात : थकलेला पगार म्हणून खलाशी, बक्षिसाची रक्कम म्हणून नोकर, वर्षाचा तनखा म्हणून बीबी. घराण्याच्या वंशावळीपुरतं काम असेल तर वारसांची नावं उतरवून घेतली की भागतं. कोकणच्या माणसांना त्या घराण्याच्या इतिहासात जागा द्यायची असेल, तर हिशेबाची खर्चाची बाजूही तेवढ्याच बारकाईने वाचली पाहिजे.